कपडे झटकून पुढे गेलेली माणसं : गावावरच्या गुपचूप प्रयोगांची आणि संथ भयपटांची पार्श्वभूमी

जून १९६६, न्यूयॉर्क. भुयारी रेल्वेतली हवा वर यावी म्हणून तिथल्या पदपथांत लोखंडी जाळ्या बसवलेल्या असतात. त्या जाळ्यांतून, आणि धावत्या गाडीतून रुळांवर, अमेरिकी लष्कराच्या माणसांनी काचेचे बल्ब टाकले. दिसायला दिव्याचे साधे बल्ब. आत प्रत्येकी सुमारे १७५ ग्रॅम कोरडी पूड, आणि तेवढ्या पुडीत बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे ८७ लाख कोटी बीजाणू. बल्ब फुटला की धुरळा उठायचा आणि मागून येणारी गाडी तो बोगद्यातून पुढच्या स्थानकांपर्यंत ओढून न्यायची. लोकांचं काय झालं, तेही लष्कराच्या अहवालात आहे : ढग अंगावर आला तेव्हा त्यांनी कपडे झटकले, जाळीकडे पाहिलं आणि ते चालू लागले.

आडगावातल्या लोकांवर कुणीतरी गुपचूप प्रयोग करतंय, या कल्पनेवरचे कमी पैशांतले भयपट पाहताना प्रेक्षकाची ठरलेली तक्रार असते, ‘तासभर काहीच घडत नाही.’ पण या कल्पनेमागची खरी कागदपत्रं वाचली तर तिथेही तासभर, कधी वीस-पंचवीस वर्षं, काहीच घडत नाही. कुणी किंचाळत नाही, प्रयोगशाळेत वीज कडाडत नाही. एक गाडी उभी असते, एक माणूस वहीत आकडे लिहितो. भयपटाचा हा संथ, गरीब अवतार खऱ्या प्रकाराच्या जास्त जवळ जातो तो यामुळेच.

अशा प्रयोगांतलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोचं. २० ते २७ सप्टेंबर १९५० या आठवड्यात अमेरिकी नौदलाच्या जहाजानं किनाऱ्यापासून थोडं दूर राहून सेराशिया मार्सेसेन्स आणि बॅसिलस ग्लोबिजाय हे दोन जिवाणू हवेत फवारले. समुद्रावरून शहरात शिरणारं धुकं तिथे रोजचं, त्यामुळे फवारा शहरात पोचवायला वेगळं काही करावं लागलं नाही. शहरात आणि आसपास ४३ ठिकाणी हवेचे नमुने घेतले गेले. त्यावरून हिशेब निघाला की शहरातल्या जवळपास ८ लाख लोकांपैकी प्रत्येकानं निदान ५,००० कण श्वासातून आत घेतले.

सेराशिया निवडण्याचं कारण अगदी कारकुनी आहे. त्याच्या वसाहती लाल दिसतात, त्यामुळे काचेच्या बशीतल्या गर्दीतही त्या पटकन मोजता येतात. ओलसर पावावर रक्ताचे थेंब पडल्यासारखे डाग उमटतात तेही याचंच काम. युरोपातल्या ‘पवित्र पावातून रक्त आलं’ या जुन्या चमत्कारकथांमागे हाच जिवाणू असावा, असं मानलं जातं. दिग्दर्शकांना हा लाल रंग आवडतो, आणि चूकही इथेच होते. पडद्यावर डॉक्टर ३७ अंशांच्या उबवणपेटीतून लालभडक बशी बाहेर काढतो. प्रत्यक्षात सेराशियाचा लाल रंग २५ ते ३० अंशांना, म्हणजे खोलीच्या उबेत, चांगला धरतो. ३७ अंशांना वाढवला तर वसाहती फिक्या, पांढरट येतात. माणसाच्या अंगातून आलेला जंतू टेबलावर विसरला आणि दोन दिवसांनी बशी लाल झाली, हे दृश्य शास्त्राला धरून होईल. शिवाय फुकटात होईल.

प्रयोगांचा दुसरा मोठा गट जिवाणूंचा नव्हता, चकाकणाऱ्या पुडीचा होता. झिंक कॅडमियम सल्फाइडचे दोन-तीन मायक्रॉनचे कण, म्हणजे श्वासाबरोबर थेट फुप्फुसात उतरतील इतके बारीक. हवेत सोडायचे, ठरावीक अंतरावर गाळणकागद लावून ठेवायचे आणि मग अतिनील दिव्याखाली पिवळे-हिरवे ठिपके मोजायचे. जंतूंचा ढग शहरात कसा पसरेल, याची ही रंगीत तालीम. १९५३-५४ मध्ये मिनियापोलिस आणि सेंट लुइस इथे हे झालं; सेंट लुइसमध्ये १९६३ ते ६५ दरम्यान पुन्हा. हवामान, वस्ती आणि इमारतींची दाटी सोव्हिएत शहरांशी जुळते म्हणून ही शहरं निवडली होती. फवारणी यंत्रं मोटारींवर आणि इमारतींच्या गच्च्यांवर बसवली. सेंट लुइसमध्ये निवडलेल्या वस्त्या बहुतेक गरीब कृष्णवर्णीयांच्या होत्या. मिनियापोलिसमध्ये एक प्राथमिक शाळाही त्या पट्ट्यात आली.

लोकांना काय सांगितलं? ‘शत्रूच्या विमानांपासून शहर लपवता येईल असा धुराचा पडदा तयार करून पाहतोय.’ कॅनडातल्या विनिपेगमध्येही १९५३ साली हीच थाप खपली. ही थाप नीट पाहण्यासारखी आहे. ती फवारणी नाकारत नाही. गाडी दिसणार, धूर दिसणार, आवाज येणार, हे धरूनच ती रचलेली आहे. बदललेला आहे तो फक्त हेतू. उलट सिनेमातले लष्करी अधिकारी ‘इथे काहीच चाललेलं नाही’ असं म्हणतात आणि पटकथा तिथेच कच्ची पडते, कारण दाराशी उभी असलेली गाडी कुणालाही दिसते.

डिसेंबर १९५७ मध्ये हीच पूड सी-११९ या मालवाहू विमानातून दक्षिण डकोटापासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत सोडली गेली आणि तिचे कण शेकडो मैलांवर सापडले. ब्रिटनही मागे नव्हता. पोर्टन डाउन या तिथल्या लष्करी संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी नॉरिच शहरावर ही पूड सोडली, डॉर्सेटच्या किनाऱ्यावर जिवाणू फवारले, आणि जुलै १९६३ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवर बीजाणूंनी भरलेली पावडरची डबी खिडकीतून रुळांवर टाकली. पुडीनं माणसं आजारी पडली का, यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचं १९९७ चं उत्तर असं : मिळालेल्या नोंदींनुसार मात्रा इजा होण्याइतकी नव्हती, पण या संयुगाच्या विषारीपणाचा अभ्यासच तुटपुंजा आहे.

पडद्यासाठी चकाकणारी पूड दाखवायची तर खरी पूड आणू नये, कॅडमियम विषारी धातू आहे. बाजारात मिळणारी फ्लुरोसंट रंगपूड चालते. टॉनिक वॉटरही चालतं, त्यातलं क्विनिन निळं चमकतं. फसगत दिव्यात होते. स्वस्त अतिनील टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात. त्यांचा जांभळा उजेड कॅमेऱ्यात उतरतो, सगळी भिंत जांभळी होते आणि ठिपके हरवतात. ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च आणि भिंगावर अतिनील गाळणी लावली की भिंत काळी राहते आणि फक्त ठिपके उठून दिसतात.

गावकऱ्यांवरच्या प्रयोगांत सगळ्यात लांबलेला, आणि ज्यात काही फवारलंच गेलं नाही असा, अलाबामातल्या मेकन काउंटीचा. १९३२ ते १९७२. सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष, त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश (गरमी). त्यांना सांगितलं ‘रक्त खराब आहे’. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला, तरी तो त्यांच्यापर्यंत पोचू दिला नाही. मोबदला म्हणून तपासणीच्या दिवशी जेवण आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च. अट एकच, शवविच्छेदन करू द्यायचं. ओळखीची नर्स दारात येते, प्रेमानं चौकशी करते आणि गाडीतून दवाखान्यात नेते, यापेक्षा भीतिदायक प्रवेश लिहिणं अवघड आहे. बजेट : एक गाडी, एक नर्स.

सिनेमाकडे ही भीती सरकली ती १९६८ नंतर. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, डगवे या लष्करी चाचणी क्षेत्रात विमानातून व्हीएक्स हा विषारी द्रव फवारला गेला आणि शेजारच्या स्कल व्हॅलीत सुमारे ६,००० मेंढ्या मेल्या. मेलेल्या मेंढ्यांची चित्रं देशभर दिसली. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी हल्ल्यासाठीची जैविक अस्त्रं बंद केली. १९७३ मध्ये जॉर्ज रोमेरो यांनी ‘द क्रेझीज’ काढला : लष्करी विमान पडतं, त्यातला जंतू इव्हान्स सिटी या गावाच्या पिण्याच्या पाण्यात उतरतो आणि पांढऱ्या पोशाखातले सैनिक गाव घेरतात. चित्रीकरण खऱ्याच इव्हान्स सिटीत, पश्चिम पेनसिल्व्हेनियात. खर्च पावणेतीन लाख डॉलरच्या आसपास.

तो पांढरा पोशाख आणि गॅस मास्क ही या प्रकाराची मोठी देणगी. चेहरा झाकला की दहा माणसं शंभर वाटतात, तीच माणसं पुन्हा पुन्हा उभी करता येतात. मात्र मास्कमधून बोललेलं जवळपास वाया जातं. आवाज बसका येतो, श्वासाची घरघर शब्दांवर चढते, म्हणून ते संवाद नंतर डब करावे लागतात. काच वाफेनं धूसर होते; आतून भांड्याच्या साबणाचा पातळ हात फिरवून पुसून घेतली तर तेवढ्यापुरतं भागतं.

एका गोष्टीत मात्र सावध राहावं. ऑगस्ट १९५१ मध्ये फ्रान्समधल्या पाँ-सँ-एस्प्री गावात पाव खाऊन दोनशेहून अधिक लोक आजारी पडले, त्यांतल्या अनेकांना भ्रम झाले, काही मेले. ‘हे सीआयएचं काम’ असं आता सर्रास लिहिलं जातं, पण सिद्ध झालेलं नाही. बरीच वर्षं दोष धान्यावरच्या अरगट बुरशीकडे आणि भेसळीकडेच गेला. अरगट आपल्याला परका नाही. बाजरीच्या कणसावर मधासारखा चिकटा आणि मग काळपट गाठी दिसल्या की तोच. पेरणीआधी या गाठी वेगळ्या करायला १० लिटर पाण्यात २ किलो मीठ घालून त्यात बियाणं बुडवायचं, वर तरंगेल ते काढून जाळायचं, तळाचं दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. मीठ कमी पडलं तर गाठी बुडतात आणि सगळी मेहनत फुकट. बाजरीचा अरगट प्रामुख्यानं मळमळ, उलट्या आणि गुंगी आणतो. युरोपातल्या राय (rye) या धान्यावरचा वेगळ्या जातीचा, आकडी आणणारा आणि बोटं झडवणारा. आपल्याकडची कथा रचताना या दोन अरगटांची गल्लत नको.

भारतातलं जवळचं प्रकरण डासांचं. दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांचं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र होतं, पैसा अमेरिकी. वांझ केलेले नर डास आसपासच्या गावांत सोडून पाहिले गेले. सोनीपतमध्ये एडिस इजिप्ती डास सोडायची तयारी चालली होती, तोच बातम्या फुटल्या, आणि १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनं विचारलं : आपल्याकडे मोठं दुखणं मलेरिया, मग पिवळ्या तापाचा वाहक असलेल्या डासाचाच अभ्यास का? पिवळा ताप भारतात नाहीच. संघटनेनं आरोप फेटाळले, पण सोनीपतचा बेत बारगळला आणि केंद्र बंद झालं.

सॅन फ्रान्सिस्कोत त्या फवारणीनंतर, ११ ऑक्टोबर १९५० पासून, एकाच रुग्णालयात ११ जणांच्या लघवीत तोच लाल जंतू, सेराशिया, सापडला. ७५ वर्षांचे एक निवृत्त पाइप-फिटर त्यात दगावले. जंतू त्यांच्या हृदयाच्या झडपेपर्यंत गेला होता. संसर्ग एकाच रुग्णालयापुरता होता, म्हणजे तो तिथलाच, हा लष्कराचा बचाव. फवारणीची बातमी १९७६ मध्ये फुटली. १९७७ च्या सिनेट सुनावणीत लष्करानं १९४९ ते १९६९ दरम्यानच्या उघड्या हवेतल्या २३९ चाचण्या कबूल केल्या. त्या पाइप-फिटरचं कुटुंब १९८१ मध्ये न्यायालयात गेलं आणि हरलं : चाचणी करायची की नाही हा सरकारचा विवेकाधीन निर्णय, त्यावर नुकसानभरपाई मागता येत नाही. रुग्णालयातल्या डॉक्टरांना फवारणीचा पत्ता नव्हता. इतका दुर्मीळ जंतू एकदम ११ जणांत कसा, याचं नवल वाटून त्यांनी १९५१ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला होता. पंचवीस वर्षं तो ग्रंथालयांच्या कपाटांत, कुणालाही वाचता येईल असा, पडून होता.