ध्वनिमुद्रणांचा भाडेहक्क व पुनर्विक्री

विकत घेतलेली रेकॉर्ड, कॅसेट किंवा सीडी पुढे विकायला अथवा भाड्याने द्यायला निर्मात्याची परवानगी लागते का, हे ठरवणारा कॉपीराइट कायद्याचा भाग. अमेरिकेत प्रत एकदा विकली गेली की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर हक्कधारकाचा ताबा राहत नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये एका कादंबरीच्या खटल्यात हे ‘पहिल्या विक्रीचे तत्त्व’ मान्य केले.

भाड्याचा वाद जपानमध्ये पेटला. १९८० मध्ये टोकियोजवळ मिताका येथे रेकॉर्ड भाड्याने देणारे दुकान निघाले आणि पाहता पाहता अशी दुकाने देशभर झाली. गिऱ्हाईक रेकॉर्ड घरी नेई, कोऱ्या कॅसेटवर भरून घेई आणि परत करी. १९८४ मध्ये अमेरिकेने निर्मात्याच्या परवानगीशिवाय असा व्यवसाय करण्यास बंदी घातली. ना-नफा ग्रंथालये व शिक्षणसंस्था तेवढ्या वगळल्या. जपानने त्याच वर्षी वेगळी वाट धरली. विक्रीनंतर जास्तीत जास्त एक वर्ष कलाकार व निर्माते भाड्याला नकार देऊ शकतात, त्यानंतर त्यांना केवळ मोबदला मिळतो. ही वाट अधिक न्याय्य म्हणावी लागेल, कारण तिने दुकानेही जगवली आणि गायक-वादकांचे पैसेही बुडू दिले नाहीत.

भारताच्या १९५७ च्या मूळ कायद्यात रेकॉर्डच्या विक्रीचा वा भाड्याचा वेगळा हक्क नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने तो दिला, तोही प्रत ‘आधी विकली गेली असो वा नसो’ अशा अर्थाच्या शब्दांत. शब्दशः पाहिले तर मुंबईच्या चोरबाजारात जुन्या तबकड्या विकणाऱ्यालाही कंपनीची परवानगी लागली असती. जुनी गाणी जपणाऱ्या संग्राहकांवर हा अन्यायच होता. २०१२ मध्ये ते शब्द वगळले गेले, ‘भाडे’च्या जागी ‘व्यापारी भाडे’ आले आणि ना-नफा ग्रंथालये त्यातून सुटली. तरी पुस्तकांच्या बाबतीत ‘आधीच वितरणात असलेल्या प्रती’ कलमातच वगळल्या आहेत, तशी स्पष्ट तरतूद ध्वनिमुद्रणासाठी आजही नाही.

डिजिटल फाइलला पहिल्या विक्रीचे तत्त्व लावण्याचा प्रयत्न अमेरिकेत ‘रीडिजी’ या संकेतस्थळाने केला. वापरलेली गाणी तेथे विकता येत. फाइल एका संगणकावरून दुसरीकडे नेताना नवी प्रत तयार होतेच, म्हणून ही पुनर्विक्री नसून पुनरुत्पादन आहे, असे न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले. अपिलातही, २०१८ मध्ये, ‘रीडिजी’ हरले.