अहवालातल्या ‘आर’चे मूळ

उन्हाळी लागलेल्या माणसाला नेहमीच्या गोळीने गुण आला नाही, की ‘अंगाला औषधाची सवय झाली’ असे घरोघरी म्हटले जाते. सवय अंगाला होत नसते. लघवीच्या कल्चरच्या अहवालात एखाद्या प्रतिजैविकापुढे छापलेले ‘आर’ (‘रेझिस्टंट’, म्हणजे औषधाला दाद न देणारा) हे अक्षर रुग्णाविषयी नव्हे, तर त्याच्या लघवीतून वाढवलेल्या जंतूविषयी, म्हणजे बहुतेक वेळा ई. कोलायविषयी, काही सांगत असते.

कधी जंतूच्या स्वतःच्याच जनुकात बदल होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या ज्या गायरेज विकराला (एन्झाइमला) धरते, त्यातील 83व्या स्थानावरील सेरीन हे अमिनो आम्ल जाऊन ल्युसिन आले, की औषधाची पकड ढिली पडते. मात्र सिफोटॅक्झिमसारख्या औषधांचे ‘बीटा-लॅक्टम’ नावाचे अणूंचे कडे फोडणाऱ्या ‘सीटीएक्स-एम’ विकराची कथा याहून विलक्षण आहे, कारण त्याचे जनुक ई. कोलायचे नव्हेच. ते मूळचे क्लुवेरा नावाच्या, माणसाला क्वचितच त्रास देणाऱ्या जंतूच्या गुणसूत्रावरचे असून तेथे ते जवळजवळ निद्रिस्त असते. तेथून त्याला बाहेर काढले ते ‘आयएसईसीपी-1’ या उडी मारणाऱ्या डीएनए-तुकड्याने. अशा तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकमेकांचे उलट प्रतिबिंब असलेले क्रम असतात आणि त्याचेच ट्रान्सपोझेज विकर ती टोके ओळखून तुकडा हलवते; परंतु या तुकड्याचे विकर उजव्या टोकाबाबत काटेकोर नसते, म्हणून खरे टोक ओलांडून पुढचा साधारण तसाच दिसणारा क्रम त्याने धरला, की मधले शेजारचे जनुकही सोबत उचलले जाते. त्यातच या तुकड्याच्या पोटात एक जोरदार प्रवर्तक (जनुक चालू करणारा क्रम) असल्यामुळे नव्या जागी ते निद्रिस्त जनुक खडबडून जागे होते. ही नवी जागा बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असते, आणि प्लाझ्मिडची प्रत एका जंतूकडून दुसऱ्याकडे थेट जाऊ शकते.

याच कुळातील सीटीएक्स-एम-15 हा प्रकार प्रथम नवी दिल्लीतील 1999च्या जंतू-नमुन्यांत ओळखला गेला. त्यात 240व्या स्थानी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसिन असल्याने सेफ्टाझिडाइम हे सिफोटॅक्झिमच्याच गटातले औषधही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. पुढे ‘एसटी131’ या ई. कोलायच्या वंशाबरोबर तो जगभर पसरला.

धण्या-जिऱ्याच्या पाण्याने जळजळ कमी वाटली, तर त्याचे श्रेय आधी पाण्याला द्यावे. ‘उष्णता’ उतरवून जंतूचे जनुक बदलत नाही, मग चूर्णाची जाहिरात काहीही म्हणो. तितकाच उथळ वाटतो तो वृत्तवाहिन्यांचा ‘सुपरबग’ (कशालाच न जुमानणारा जंतू) हा शब्द, कारण हा जंतू इतर औषधांना दाद देत असू शकतो आणि म्हणूनच अहवाल पुरता वाचावा लागतो.

अहवालात पुष्कळदा एकाखाली एक ‘आर’ची रांग दिसते, याचेही कारण प्लाझ्मिडच आहे. सीटीएक्स-एम-15च्या जोडीला त्याच प्लाझ्मिडवर अनेकदा ‘एएसी(6′)-आयबी-सीआर’ हे जनुक असते, जे टोब्रामायसिनसारखी औषधे निकामी करते आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचीही धार कमी करते. त्यामुळे रुग्णाने पूर्वी केवळ सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलेले असले, तरी त्याच्या आतड्यात तगून राहिलेल्या जंतूंबरोबर सिफोटॅक्झिम फोडणारे जनुकही आयतेच टिकून राहते.