वाँडरर्सचे दोन करंडक: १८७२ आणि १८७३

इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेचे पहिले दोन हंगाम हटकून एकमेकांत मिसळतात. दोन्ही वेळा लंडनचा वाँडरर्स जिंकला, दोन्ही वेळा ग्लासगोचा क्वीन्स पार्क उपांत्य फेरीतून माघारी गेला. मग ‘पहिला एफए कप वाँडरर्सने एकच सामना खेळून जिंकला’ असं सांगितलं की ते खरं वाटतं. एका सामन्यात करंडक मिळाला हे खरं, पण तो दुसऱ्या वर्षी.

पहिल्या, म्हणजे १८७१-७२च्या हंगामात वाँडरर्स पहिल्या फेरीपासून मैदानात होता. फुटबॉल असोसिएशनचे (एफए) सचिव चार्ल्स ऑल्कॉक यांनी ही बाद पद्धतीची स्पर्धा सुचवली आणि १५ संघांनी नावं दिली. पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धी हॅरो चेकर्स आलाच नाही. दुसऱ्या फेरीत क्लॅपहॅम रोव्हर्सवर ३-१ असा विजय मिळाला. क्रिस्टल पॅलेसशी ०-० बरोबरी झाली, तेव्हा दोन्ही संघांना पुढच्या फेरीत पाठवलं गेलं. उपांत्य फेरीत क्वीन्स पार्कशी पुन्हा ०-०. म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत वाँडरर्सने प्रत्यक्ष जिंकलेला सामना एकच!

अंतिम सामना १६ मार्च १८७२ रोजी केनिंग्टन ओव्हलवर, रॉयल इंजिनिअर्सविरुद्ध. लष्करी अभियंत्यांचा हा संघ बलाढ्य मानला जात होता. पण सुरुवातीलाच त्यांच्या एडमंड क्रेसवेल यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, आणि क्रेसवेल वेदना सोसत शेवटपर्यंत मैदानात राहिले. माझ्या मते त्या सामन्याचा खरा नायक तोच. एकमेव गोल मॉर्टन बेट्स यांनी केला, तोही ‘ए. एच. चेकर’ या टोपणनावाने. त्यांचं नाव आधी हॅरो चेकर्सशी जोडलेलं होतं, त्यावरून हे नाव आलं.

१८७२-७३चा हंगाम वेगळ्या नियमावर चालला. स्पर्धेच्या नावात ‘चॅलेंज’ हा शब्द होता आणि त्या वर्षी तो अक्षरशः पाळला गेला. करंडक ज्याच्याकडे आहे त्याने स्वस्थ बसायचं, बाकीच्यांनी आपसात लढून आव्हानवीर ठरवायचा. वाँडरर्सला थेट अंतिम सामना मिळाला, वर मैदान निवडण्याचा हक्कही. त्यांनी लंडनमधलं लिली ब्रिज हे मैदान निवडलं. २९ मार्च १८७३ रोजी सामना सकाळी ११ वाजता ठेवला, कारण त्याच दिवशी थेम्सवर ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यत होती आणि प्रेक्षकांना तीही पाहायची होती. वाँडरर्सने ऑक्सफर्ड विद्यापीठाला २-० हरवलं. गोल आर्थर किनेर्ड आणि चार्ल्स वोलास्टन यांचे. गोंधळात भर म्हणजे, आदल्या वर्षी वाँडरर्सकडून अंतिम सामना खेळलेले रॉबर्ट विडाल या वेळी ऑक्सफर्डकडून उतरले होते.

क्वीन्स पार्कची माघारही दोन्ही वर्षांची एकसारखी वाटते, पण तशी नव्हती. १८७२ मध्ये हा संघ उपांत्य फेरीसाठी लंडनला आला, वाँडरर्सला बरोबरीत रोखलं आणि पुन्हा खेळायला थांबण्याइतके पैसे नाहीत म्हणून परतला. दुसऱ्या वर्षी असोसिएशनने प्रवास वाचावा म्हणून त्यांना थेट उपांत्य फेरीत घेतलं. तरीही ऑक्सफर्डविरुद्ध ते येऊ शकले नाहीत. एकदा मैदानावर न हरता परतले, एकदा मैदानावर आलेच नाहीत. आणि हा संघ दुबळा मुळीच नव्हता. या दोन अंतिम सामन्यांच्या मधल्या काळात, ३० नोव्हेंबर १८७२ रोजी, स्कॉटलंडने इंग्लंडला पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात ०-० रोखलं, तेव्हा स्कॉटलंडचा संघ क्वीन्स पार्कनेच उभा केला होता. त्यांना इंग्लंडचा करंडक ज्या कारणाने हुकला, ते रेल्वेचं भाडं होतं, याची मला आजही हळहळ वाटते. पुढच्याच हंगामात स्कॉटलंडची स्वतःची स्पर्धा सुरू झाली आणि ती क्वीन्स पार्कने जिंकली.

आव्हानाचा नियम मात्र त्या एका वर्षापुरताच टिकला. १८७३-७४ पासून गतविजेत्यालाही बाकीच्यांसारखंच पहिल्या फेरीपासून खेळावं लागलं, आणि त्या वर्षी करंडक ऑक्सफर्ड विद्यापीठाने नेला.