नारकोंडम : दुरूनच पाहावे असे ज्वालामुखी बेट

संभाजीनगर, जालना किंवा लातूरहून सुट्टीत अंदमानला गेलेली मंडळी सेल्युलर जेल आणि राधानगरचा किनारा पाहून झाला की हमखास ज्वालामुखीची चौकशी करतात. त्या समुद्रात अशी दोन बेटे आहेत. पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम) सुमारे १४० किलोमीटरवरचे बॅरन हे भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी बेट असून दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ मध्ये त्याचा पुन्हा उद्रेक झाला. त्याच्या उत्तरेला, म्यानमारच्या दिशेने, नारकोंडम हे शांत झालेले दुसरे बेट आहे. दोन्ही बेटे अभयारण्ये आहेत. पर्यटकांचे लक्ष साहजिकच धूर सोडणाऱ्या बॅरनकडे जाते, पण निसर्गाच्या दृष्टीने अधिक मोलाचे बेट नारकोंडम आहे, असे मला ठामपणे वाटते.

ज्वालामुखीचा खडक मराठवाड्याला परका नाही. विहीर खोदताना लागणारा मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण हे सारे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर आहेत आणि वेरूळची लेणीही त्यातच कोरली गेली. मात्र आपल्याकडचा लाव्हा पातळ होता. तो जमिनीच्या लांबलचक भेगांतून बाहेर पडून दूरवर पसरला आणि त्यातून सपाट पठार तयार झाले. नारकोंडमची घडण वेगळी आहे. तिथे भारतीय भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा प्रचंड तुकडा) समुद्राखाली पूर्वेकडच्या भूपट्टाच्या तळाशी सरकतो, खोल गेल्यावर त्याच्यातील पाणी बाहेर पडते, त्या पाण्यामुळे वरच्या तप्त खडकाचा वितळणबिंदू खाली येतो आणि शिलारस तयार होतो. नारकोंडमला तो बराच घट्ट होता, त्यामुळे फार न पसरता साचत गेला आणि समुद्रातून सातशे मीटरांहून उंच, तीव्र उताराचा डोंगर उभा राहिला. सुमात्रापासून म्यानमारपर्यंतची ज्वालामुखींची रांग याच क्रियेतून निर्माण झाली आहे.

या डोंगरावर दाट सदाहरित जंगल आहे आणि जगात इतरत्र कुठेही नैसर्गिकरीत्या न आढळणारा नारकोंडम धनेश हा पक्षी तिथे राहतो. बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम ७ चौरस किलोमीटर आहे. पैठणच्या नाथसागरात अशी पन्नासएक बेटे सहज मावतील. आपल्या वड-पिंपळांवर दिसणारा राखी धनेश ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या पक्ष्याची बाकदार चोच ओळखीची वाटेल. नराचे डोके आणि मान तांबूस असते, मादी काळी असते आणि दोघांचीही शेपटी पांढरी असते. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व अन्नाचा चोथा यांनी तोंड लिंपून चोच बाहेर येण्यापुरती फट ठेवते; पुढचे कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला उंबरवर्गातील व इतर फळे भरवतो. बिया विष्ठेतून किंवा ओकून जंगलभर पडतात, म्हणजे ज्या झाडांवर हा पक्षी जगतो त्यांची पेरणीही तोच करतो.

अलीकडच्या अभ्यासानुसार या धनेशांची संख्या हजाराच्या आसपास आहे. एवढ्या लहान जागेसाठी ही दाटी विलक्षण असली तरी निश्चिंत व्हावे अशी ती नाही, कारण एखादे मोठे चक्रीवादळ किंवा रोगाची साथ आली तर हानी भरून काढायला या पक्ष्याची दुसरी वस्तीच नाही. माणसाच्या वावराचा परिणामही इथे दिसला आहे. बेटावर पोलीस चौकी आली, सोबत शेळ्या आल्या, त्या मोकाट वाढल्या आणि कोवळी रोपे खाऊ लागल्या. मोठी झाडे उभी दिसतात म्हणून जंगल ठीक आहे असे वाटते, पण रोपच वाढले नाही तर पुढच्या पिढ्यांसाठी ढोली असलेला वृक्ष येणार कुठून? पुढे या शेळ्या हटवाव्या लागल्या. याच बेटावर रडार उभारण्याच्या प्रस्तावाला पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये नकार दिला होता. २०१४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. देशाच्या सुरक्षेची गरज खरी आहे, म्हणूनच तिथे बांधकाम करताना प्रत्येक झाडाचा हिशेब ठेवला जावा, अशी अपेक्षा रास्त आहे.

नारकोंडमवर वन विभागाच्या परवानगीशिवाय उतरता येत नाही आणि हौशी पर्यटकांनी त्यासाठी हट्टही धरू नये. बॅरनचा विवर बोटीतून पाहता येतो, पण तिथेही किनाऱ्यावर पाऊल ठेवता येत नाही. पावसाळा टाळून, समुद्र शांत असतानाच हा प्रवास आखावा आणि परवान्यांची खातरजमा निघण्यापूर्वी करावी. सोबत दुर्बीण असू द्यावी. फळांच्या बिया आणि उरलेले अन्न समुद्रात न टाकता परत आणावे, कारण वाहत गेलेली एखादी बी अशा बेटावर परक्या वनस्पतीची सुरुवात ठरू शकते.