जागतिक जलतरण स्पर्धेत ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक: सातारा-सांगलीच्या मुलाने अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी घेऊ. जागतिक जलतरण अजिंक्यपद स्पर्धेचा फॉर्म कुठे मिळतो? कुठेच मिळत नाही. खेळाडू, पालक, क्लब, जिल्हा संघटना, यांपैकी कुणालाही तिथे थेट नाव देता येत नाही. प्रवेशिका भरते स्विमिंग फेडरेशन ऑफ इंडिया आणि ती घेते वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स, म्हणजे पूर्वीची फिना. तेव्हा ‘थेट एंट्री करून देतो, एवढे भरा’ असं कुणी म्हणालं तर त्याला लांबूनच रामराम करा.

मग आपल्या हातात काय? घड्याळावरची एक वेळ, आणि ती वेळ ज्याच्या नावावर चढते त्याचे बिनचूक कागद. बाकी सगळी प्रक्रिया या दोन गोष्टींभोवतीच फिरते.

आत्ताच हे सांगायचं कारण असं, की पुरुषांची ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे छातीवर बेडकासारखं पोहण्याचा प्रकार, जागतिक स्पर्धेत २००१ पासून, फुकुओकापासून आहे, पण ऑलिंपिकमध्ये नव्हती. तिथे १०० आणि २०० मीटरच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदा येते आहे. त्यामुळे ‘पन्नासचं काय घेऊन बसलास, शंभरवर लक्ष दे’ असं म्हणणारे प्रशिक्षकही आता दोन्हींत नावं घालू लागतील.

वेळ कोणती धरतात

वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स प्रत्येक जागतिक स्पर्धेआधी ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन पात्रता वेळा जाहीर करते. ‘बी’ ही ‘ए’पेक्षा साधारण साडेतीन टक्क्यांनी सैल असते. एका देशाला एका प्रकारात जास्तीत जास्त दोन जलतरणपटू उतरवता येतात, पण दोघांचीही वेळ ‘ए’ची हवी. ‘ए’ कुणाकडेच नसेल तर ‘बी’वाला एकच जातो. तोही फेडरेशनने निवडला तर. फेडरेशनचे स्वतःचे निवडनिकष वेगळे निघतात. ते परिपत्रक वाचल्याशिवाय ‘आमचा पोरगा क्वालिफाय झाला’ असे पेढे वाटू नका.

आकडे कुठल्या पट्टीतले आहेत ते पाहा. ब्रिटनच्या अ‍ॅडम पीटीचा २०१७ चा बुडापेस्टमधला विश्वविक्रम २५.९५ सेकंदांचा आहे. २०२५ ला सिंगापूरमध्ये इटलीच्या सिमोने चेरासुओलोने २६.५४ मध्ये सुवर्ण घेतलं. आपल्या संदीप सेजवालने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत याच प्रकारात कांस्य मिळवलं ते २८.२६ मध्ये. म्हणजे आशियाई पदक आणि जागतिक सुवर्ण यांच्यात पावणेदोन सेकंदांचं अंतर, आणि पन्नास मीटरमध्ये पावणेदोन सेकंद म्हणजे फार झाले.

ही वेळ मान्यताप्राप्त स्पर्धेतलीच लागते. ती ५० मीटरच्या तलावात, पात्रतेच्या ठरलेल्या मुदतीत आणि इलेक्ट्रॉनिक टायमिंगवर नोंदलेली असावी. गावच्या २५ मीटर तलावात सरांनी स्टॉपवॉचवर घेतलेली वेळ सरावाच्या वहीत शोभते. २५ मीटरला मध्ये वळण येतं, भिंतीला ढकलून फुकटचा वेग मिळतो, म्हणून ती वेळ लाँग कोर्सला, म्हणजे ५० मीटरच्या तलावातल्या स्पर्धेला, चालत नाही. कृष्णेच्या पुरात आयर्विन पुलावरून उडी टाकून हरिपूरपर्यंत जाणाऱ्याच्या दमाबद्दल कुणाला शंका नाही, पण त्या दमाचा या फॉर्ममध्ये रकानाच नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांना लाँग कोर्स वेळेसाठी बहुतेक वेळा पुण्याला, म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातच जावं लागतं. त्या फेऱ्यांचा खर्च आधीच धरून ठेवा.

जिल्ह्यापासून वर

इथे दोन वाटा आहेत आणि पालक नेमकी गल्लत करतात ती इथेच.

एक वाट शालेय स्पर्धांची. ती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून जाते. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. जिल्ह्यातून कोल्हापूर विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय शालेय. नाव शाळेचे क्रीडाशिक्षक भरतात. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी ही वाट उपयोगाची, आणि ती सोडू नये.

दुसरी वाट संघटनेची: जिल्हा जलतरण संघटना, राज्य संघटना, मग फेडरेशनच्या सब-ज्युनिअर, ज्युनिअर आणि सीनिअर राष्ट्रीय स्पर्धा. जागतिक स्पर्धेकडे जाते ती ही. शालेय राष्ट्रीयला सुवर्ण मिळालं तरी संघटनेकडे नोंदणी नसेल तर पुढचं दार उघडत नाही. दोन्ही वाटा एकदम चालवता येतात, फक्त तारखा आदळतात. त्या वेळी काय सोडायचं ते प्रशिक्षकांशी बोलून आधी ठरवा.

संघटनेच्या नोंदणीत खेळाडूला फेडरेशनचा युआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, मिळतो. तो जन्मभराचा. साधारणपणे मागतात ते कागद असे: जन्माचा दाखला, आधार, शाळा-कॉलेजचं बोनाफाईड, फोटो, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, आणि मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांचं संमतीपत्र. पुढे पुण्या-मुंबईच्या क्लबला किंवा दुसऱ्या राज्यात गेलात, रेल्वे किंवा सेनादलात लागलात, तर आधीच्या संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं. ते गोडीगुलाबीत असतानाच घेऊन ठेवावं.

जन्माचा दाखला नीट पाहा. त्यावर जन्मतारखेइतकीच नोंदणीची तारीख महत्त्वाची. मूल जन्मल्यावर कित्येक वर्षांनी नोंद केलेली दिसली, की वय चोरल्याची शंका पहिल्यांदा येते आणि मग तपासणी लागते. वयोगट धरताना वर्षाची ३१ डिसेंबर ही तारीख बघतात, स्पर्धेचा दिवस नव्हे.

नावाचं तर विचारूच नका. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. विश्वजीतच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर दोन ‘ई’, दुसऱ्यावर एक ‘आय’. एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं अक्षर. जिल्हा स्पर्धेत टेबलावरचे काका ओळखीचे असतात, चालून जातं. राष्ट्रीय स्पर्धेत नाही. युआयडी काढायच्या आधी आधार आणि शाळेची नोंद एकसारखी करा, आणि नाव खरोखरच बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करून ती प्रत जपून ठेवा.

पाण्यातली पात्रता

कागद पूर्ण आणि पंचांनी बाद केलं, असं ब्रेस्टस्ट्रोकमध्ये इतर प्रकारांपेक्षा जास्त घडतं. उडीनंतर पाण्याखाली हात मांड्यांपर्यंत नेणारा एकच लांब ओढा (हातांचा स्ट्रोक), आणि पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी एकच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून वर-खाली मारलेली), एवढीच मुभा. दुसऱ्या ओढ्यात हात सर्वांत रुंद होऊन आत वळण्याआधी डोकं पृष्ठभागावर यायला हवं. शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी, एकमेकांपासून सुटे लागले पाहिजेत. नदीत शिकलेल्या मुलांचे पाय दमल्यावर कात्रीसारखे चालतात. घरच्या तलावात कुणी बोलत नाही, पण पोहण्याची पद्धत तपासणारा पंच, स्ट्रोक जज, हात वर करतो आणि तुमच्या वेळेच्या जागी ‘डीएसक्यू’, म्हणजे बाद, असं छापून येतं. ती वेळ मग कुठेच धरत नाहीत.

पोशाख पुरुषांसाठी बेंबीच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, कापडाचा, वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सची मान्यता असलेला. अंगाला चिकटपट्टीही विचारल्याशिवाय लावायची नाही.

औषधांचं तर लोक मनावरच घेत नाहीत. राष्ट्रीय स्पर्धेत नाडा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक-विरोधी संस्था, तपासणीसाठी नमुना घेऊ शकते. खोकल्याचं सिरप, दम्याचा पंप, जिममधल्या दादाने दिलेली पावडर, बिनलेबलाचं चूर्ण, यांतलं काहीही अंगाशी येऊ शकतं, आणि ‘डॉक्टरांनी दिलं होतं’ हे उत्तर पुरत नाही. नाडाच्या ‘नो युअर मेडिसिन’ अ‍ॅपवर औषध तपासा. गरजेचं औषध बंदीच्या यादीत असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज, डॉक्टरांच्या कागदांसह, स्पर्धेआधी करा.

पासपोर्ट

निवड झाल्यावर पासपोर्ट काढायला धावणं हा आपल्याकडचा आवडता छंद आहे. तो राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच काढा. अठराच्या आतल्यांच्या पाच वर्षांच्या पासपोर्टला शुल्क १००० रुपये, दहा वर्षांच्या पासपोर्टला १५००, आणि लहानांसाठी आई-वडिलांच्या सहीचं परिशिष्ट ‘डी’. पोलिस पडताळणी लागली तर बीट हवालदार घरी येतात तेव्हा कुणीतरी घरी हवं. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यांत जे आधी येईल तोवरच चालतो. सतराव्या वर्षी निवड झालेल्याला हे नेमकं आडवं येतं. पंधरा ते अठरामधल्यांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तोच मागा. पुढची जागतिक स्पर्धा २०२७ ला बुडापेस्टमध्ये आहे. म्हणजे शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बहुतेक देशांचा एकत्रित. त्याची कागदपत्रं फेडरेशन पाठवते, बोटांचे ठसे मात्र खेळाडूला स्वतः जाऊन द्यावे लागतात, आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट जिवंत असावा लागतो.