हिरडीचं कलम ऊर्फ गम ग्राफ्टिंग

हिरडी मुळाकडे सरकून दाताचं मूळ उघडं पडलं की तिथे तोंडातल्याच दुसऱ्या जागेवरून, बहुतेक वेळा टाळूवरून, टिश्यूचा छोटा तुकडा काढून बसवतात, त्या ऑपरेशनला गम ग्राफ्टिंग म्हणतात. नागपूरकडे पेशंट 'हिरडी उतरली', 'दात लांब झाला' अशा शब्दांत तक्रार घेऊन येतो. दात लांब होत नसतो, झाकलेलं मूळ बाहेर आलेलं असतं, आणि मुळावर इनॅमल नसल्यामुळे माठातलं गार पाणी लागलं तरी शिरशिरी जाते. सरकलेली हिरडी मंजनाने किंवा मसाजने परत जागेवर येत नाही, म्हणून हा कलमाचा खटाटोप.

कलम हा शब्द संत्र्याच्या मुलखात समजवावा लागत नाही. काटोल-नरखेडकडे जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात आणि फळ कुठलं येणार ते वर बांधलेला डोळा ठरवतो. हिरडीत मात्र उलटं आहे. कारिंग हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात माकडांवर प्रयोग करून दाखवलं, की वरची त्वचा कशी येणार, टणक की मऊ, ते तिच्या खालचं कनेक्टिव्ह टिश्यू, म्हणजे सालाखालचा आधार देणारा थर, ठरवतं. म्हणूनच टाळूचं वरचं साल न घेता फक्त आतला थर घेतला तरी काम भागतं, आणि आजच्या बहुतेक पद्धती याच गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिलं ग्राफ्ट कोणी केलं यावर एकमत नाही. इतिहास लिहिणारे यंगर १९०२, हार्लन १९०६ आणि रोझेंथल १९११ च्या आसपास अशी तीन नावं देतात, पण त्यातलं नेमकं कोणाचं काम सुटा तुकडा लावण्याचं आणि कोणाचं शेजारची हिरडी सरकवण्याचं, हे त्या जुन्या टिपणांवरून काटेकोर ठरवणं अवघड आहे, त्यामुळे त्यांना पूर्वसूरी म्हणावं, जनक म्हणू नये. ग्रूप आणि वॉरन यांनी १९५६ मध्ये शेजारच्या दाताची हिरडी एका बाजूने जोडलेलीच ठेवून उघड्या मुळावर सरकवली, म्हणजे ते ग्राफ्ट नव्हे, फ्लॅप, एका बाजूने जोडलेला पदर. हिरडी आणि तिला लागून असलेल्या मऊ त्वचेवरच्या ऑपरेशनांना 'म्युकोजिंजिव्हल सर्जरी' हे नाव फ्रीडमनने १९५७ मध्ये दिलं. पूर्ण सुटा तुकडा लावल्याची आधुनिक नोंद म्हणून बहुतेक पाठ्यपुस्तकं स्वीडनच्या ब्यॉर्नकडे, १९६३ कडे, बोट दाखवतात आणि तेच जास्त पटतं, फक्त त्याचा रोख टणक हिरडीची पट्टी रुंद करण्यावर होता, मूळ झाकणं तेव्हा दुय्यम होतं. 'फ्री जिंजिव्हल ग्राफ्ट', म्हणजे हिरडीचं सुटं कलम, हे नाव रूढ झालं ते नेबर्सच्या १९६६ च्या लेखापासून. काहीजण सुश्रुतापर्यंत मागे जातात. सुश्रुतसंहितेत 'शीताद' या रोगात हिरडीचं मांस झडतं असं वर्णन आहे खरं, आणि गालाची कातडी वळवून नाक करण्याची रीतही आहे, पण हिरडीला हिरडीचं कलम त्यात नाही, तेव्हा ही ओढाताण बरी नव्हे.

१९६८ मध्ये सुलिव्हन आणि ॲटकिन्स यांनी उघड्या मुळांचे खोल-रुंद, खोल-अरुंद, उथळ-रुंद, उथळ-अरुंद असे चार प्रकार पाडले (खोल म्हणजे मूळ लांबवर उघडं पडलेलं) आणि खोल-रुंद सगळ्यात चिवट ठरवला. कारण सरळ आहे. उघडं मूळ म्हणजे रक्त नसलेला खडक, त्यावर टेकलेला तुकडा फक्त कडेच्या जिवंत भागातून पोसला जातो, मूळ जितकं रुंद तितका मधला भाग उपाशी. पहिले दोनेक दिवस ग्राफ्टला स्वतःचं रक्त नसतंच, तो खालच्या जागेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो, मग हळूहळू रक्तवाहिन्या जुळतात आणि साधारण दीड महिन्यात जागा पक्की होते. तुकडा आणि खालची जागा यांच्यात रक्ताची गाठ राहिली किंवा टाके सैल पडून तो हलला तर खेळ संपला, म्हणून सर्जन टाके झाल्यावर ओल्या गॉजने पाचेक मिनिटं नुसता दाबून बसतो, बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही.

लँगर आणि लँगर यांनी १९८५ मध्ये हा उपासमारीचा प्रश्न सोडवला. टाळूच्या आतला थर काढायचा आणि हिरडीचा फ्लॅप उचलून त्याच्या खाली सरकवायचा, म्हणजे तुकड्याला खालून आणि वरून दोन्हीकडून रक्त. त्याच वर्षी रेट्झकेने फ्लॅप न कापता लिफाफ्यासारखा खिसा करून तुकडा आत घालायची रीत सांगितली. याचा दुसरा फायदा आपल्याकडे जास्त जाणवतो. आपल्या हिरड्या बऱ्याचदा काळसर-तपकिरी, आणि टाळूचा तुकडा सालासकट लावला की तो फिकट गुलाबी, सायकलच्या ट्यूबवर पंक्चरचा पॅच दिसावा तसा, हसताना पुढच्या दातांवर तर लगेच. आतला थर वापरला की रंग जुळतो. खालच्या पुढच्या दातांवर, जिथे कोणी बघत नाही, तिथे सालासकटचा तुकडा अजूनही चालतो.

प्रत्यक्षात भूल दिल्यावर मूळ घासून गुळगुळीत करतात, जागा तयार करतात, मग निर्जंतुक केलेल्या चांदीच्या रंगाच्या फॉइलचा छोटा तुकडा त्या जागेवर ठेवून कात्रीने मापाचा कापतात, शिंप्याने कागदावर कॉलर बेतावी तसा. तो साचा टाळूवर, दाढांच्या जवळ ठेवून भोवती ब्लेडची रेघ ओढायची. साधारण एक ते दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा लागतो. टाळूत मोठी रक्तवाहिनी असते, तिच्यापासून जपायचं, आणि टाळू जितकी उथळ तितकी ती दातांच्या जवळ. टाळूची जखम स्वतःहून भरते पण आठवडाभर तीच जास्त हुळहुळते, ग्राफ्ट लावलेली जागा तेवढी दुखत नाही. टाळूला हात लावायचा नसेल तर कोलॅजनचे तयार पदार्थ आहेत, आणि रक्त यंत्रात फिरवून काढलेलं पीआरएफ (प्लेटलेट रिच फायब्रिन), जे फ्रान्समध्ये शुक्रूनने २००१ मध्ये आणलं, तेही वापरतात, पण मूळ झाकायच्या बाबतीत स्वतःच्या कनेक्टिव्ह टिश्यूलाच वरचा नंबर दिला जातो.

किती यश येईल ते दोन दातांच्या मधल्या हाडावर ठरतं. मिलरने १९८५ मध्ये चार वर्ग केले, पहिल्या दोनांत मूळ पूर्ण झाकण्याची आशा, तिसऱ्यात अर्धवट, चौथ्यात जवळपास नाहीच. कायरोची २०११ ची आरटी (रिसेशन टाइप, म्हणजे हिरडी सरकण्याचा प्रकार) १, २, ३ ही पद्धत आता जास्त चालते, मोजायला सोपी म्हणून. टणक हिरडी किमान २ मिलिमीटर हवी हा लँग आणि लो यांचा १९७२ चा दंडक होता. पुढच्या अभ्यासांत दिसलं की ब्रशिंग नीट असेल तर अरुंद पट्टीही निरोगी राहते, तेव्हा नुसत्या आकड्यावरून ऑपरेशन करू नये हे मत बरोबर वाटतं.

हिरडी सरकायची कारणं बरीच, कडक ब्रशने आडवं खरडणं, पातळ हिरडी, बाहेर आलेला दात, साचलेलं किटण. नागपुरात त्यात खर्रा येतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकमध्ये घोटून ओठाखाली किंवा गालात एकाच जागी दाबून ठेवला की नेमकी तिथलीच हिरडी खाली जाते. खर्रा सुरू ठेवून ग्राफ्ट करणं म्हणजे तुकडा वाया घालवणं. उपचारासाठी मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६८ पासूनचं, शिवाय हिंगण्याकडची खाजगी दंत महाविद्यालयं आणि प्रायव्हेट क्लिनिक.

नंतर दोन आठवडे त्या जागी ब्रश नाही, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या, आणि ओठ ओढून आरशात सारखं बघायचं नाही, ग्राफ्ट त्यानेच सुटतो. दहा-चौदा दिवसांनी टाके निघतात. तोवर गार दहीभात, मऊ खिचडी चालते, तर्री-पोहे आणि सावजी मात्र टाके निघेपर्यंत बंद.