दुखापती शून्य, दाब १,४०० पीएसआय

४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन आला की एमआयडीसीतल्या गेटांवर 'अपघाताविना इतके दिवस' हे फलक नव्याने रंगवले जातात. शेजारी लिंबू-मिरची असतेच. मोठा स्फोट ओळखण्यात दोघांची कुवत सारखीच.

मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर खणणाऱ्या 'डीपवॉटर होरायझन' रिगवर सात वर्षांत रजा घ्यावी लागेल अशी एकही दुखापत नोंदलेली नव्हती. २० एप्रिल २०१० रोजी कंपन्यांचे साहेब रिगवर आले होते; या विक्रमाचं कौतुक हाही त्या भेटीचा भाग. त्याच रात्री स्फोट झाला आणि ११ जण गेले.

त्या दिवशीची चाचणी पाहण्यासारखी आहे. वायू उसळू नये म्हणून विहिरीत 'मड', म्हणजे जड चिखल भरलेला असतो. तळाचं सिमेंट धरलंय का हे तपासायला थोडं मड काढून हलकं समुद्राचं पाणी भरतात, दाब शून्यावर आणतात, झडप बंद करून थांबतात. सिमेंट पक्कं असेल तर काटा हलत नाही. इथे ड्रिल पाइपवर तो १,४०० पीएसआयवर चढला, हवेच्या दाबाच्या सुमारे ९५ पट! शेजारच्या 'किल लाइन' या दुसऱ्या नळीवर मात्र शून्य. दोन्ही नळ्या खाली एकाच विहिरीत उघडतात. दोन्हींत समुद्राचंच पाणी असेल तर वर दाबही सारखाच हवा. तो नाही, म्हणजे एक नळी तुंबलीय किंवा तिची झडप बंद आहे. रिगवर मात्र 'ब्लॅडर इफेक्ट' असं काहीतरी कारण निघालं: वरचं जड मड रबरी अडसराला दाबतं, म्हणून पाइपमध्ये दाब दिसतो. शून्यवाला काटा खरा धरला गेला आणि उरलेलं मड काढायला सुरुवात झाली.

दुखापतींचा दर अमेरिकेत दोन लाख कामाच्या तासांमागे काढतात. त्यात घसरून पडणं येतं, बोट चेचणं येतं. विहिरीतला दाब येत नाही.

आपल्या मुंबई हायवरही २७ जुलै २००५ला सुरुवात बोटांपासूनच झाली. 'समुद्र सुरक्षा' जहाजावरच्या आचाऱ्याची बोटं कापली. हवा खराब, हेलिकॉप्टर बंद; म्हणून त्याला उतरवायला जहाज प्लॅटफॉर्मला भिडवलं. ते राइझरवर, म्हणजे समुद्रतळातून वर येणाऱ्या वायूच्या पाइपवर आदळलं. वायूने पेट घेतला. २२ माणसं गेली. कापलेली बोटं नोंदवायला रकाना असतो. जहाज राइझरच्या किती जवळ आलं, याला बहुतेक वह्यांत नसतो.